गरव्या भाताची राखण

वारा अजून समुद्राकडून येतो आहे, म्हणून तुम्ही मांगराच्या पायरीवरून उठत नाही. भाचा मात्र तीनदा उठून बसलाय.

"मामा, अंधार पडेल. निघूया ना."

"वारो बग खंयसून येता तो."

साल १९६१. कार्तिकातली शुद्ध अष्टमी, दिवाळी होऊन आठवडा झालेला. गाव कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधलं. जिल्हा रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग वेगळा व्हायला १९८१ उजाडावं लागेल. महाराष्ट्र राज्य दीड वर्षाचं आहे. कोकण रेल्वे पूर्ण व्हायची आहे १९९८ मध्ये, त्यामुळे तेरा वर्षांचा हा भाचा बोटीने आला, वेंगुर्ल्याच्या बंदरात पडावातून किनाऱ्याला लागला आणि पुढे एसटीच्या धुळीत माखून तुमच्या दारात उभा राहिला. त्याचा बाप गिरणीत. दिवाळीच्या सुट्टीत पोराला मामाकडे धाडलंय आणि पोराने आल्या दिवसापासून एकच धोशा लावलाय: मला डुकराच्या राखणीला ने.

तुम्ही आजचे आहात. पण इथे तुमच्या कमरेला पंचा आहे, अंगात बंडी, आणि उजव्या हाताच्या बोटांना दारूचा काळा वास लागलाय, तो राखेने घासूनही जात नाही. गुडघ्यावर आडवी ठेवली आहे ती ठासणीची बंदूक. परवाना शेतीच्या रक्षणासाठीचा, घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलेला. पुढे अंमलात येणाऱ्या १९५९च्या शस्त्र कायद्यातही पीक राखायला लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. शेतकऱ्याच्या घरात ती कोयत्याच्या आणि जोताच्या रांगेतली वस्तू आहे, हे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

समोरच्या मळ्यात अर्धे कुणगे मोकळे झालेत. हळवं भात दसऱ्याच्या आसपास कापून झालं, निमगरवं दिवाळीआधी. उरलंय ते गरवं, ओलाव्याच्या खोलगट जागेतलं, सोन्यासारखं पिकून वाकलेलं. सगळा मळा भरलेला असतो तेव्हा डुकरं चहूकडे पांगतात. आता सगळ्या रानाची भूक या चार-पाच कुणग्यांवर येऊन पडते. वर्षाची पेज त्यातच आहे.

दुपारी तुम्ही भाच्याला वरच्या अंगाला नेऊन वई दाखवली होती. काट्यांची वई एके ठिकाणी खालून उचकटलेली, ओल्या मातीत खुरांचे ठसे: पुढे दोन मोठे खूर, मागे बाजूला दोन बारीक नख्यांचे ठिपके. पलीकडच्या किंजळीच्या बुंध्यावर मांडीच्या उंचीला चिखल थापलेला. चिखलात लोळून आलेलं जनावर तिथे अंग घासून गेलं होतं. भाच्याने त्या चिखलात अडकलेला केस उपटला. जाड, काळा, टोकाला फाटलेला. त्याने तो पाकिटात ठेवला, मुंबईला मित्रांना दाखवायला. मग त्याने कुणग्यातली नासाडी पाहिली आणि गप्प झाला. डुकराने खाल्लं होतं थोडं. लोळून, तुडवून, पिळवटून टाकलं होतं त्याच्या कितीतरी पट.

आता सूर्य खाडीच्या पलीकडे गेला. कुंभ्याच्या झाडावरची पानं हलायची थांबली. तुम्ही चिमूटभर राख वर उडवता. ती सरळ खाली येते.

तुम्हाला याच क्षणाची वाट पाहायची होती. दिवसभर खारा वारा समुद्राकडून डोंगराकडे चढतो आणि माणसाचा वास थेट रानात नेऊन पोचवतो. डुकराची नजर अधू, पण नाक आणि कान असे की त्यापुढे तुमची बंदूक काहीच नाही. जो उतावळा उन्हं असतानाच माळ्यावर चढून बसतो, त्याच्या कुणग्यात त्या रात्री डुक्कर फिरकत नाही. ते शेजाऱ्याच्या कुणग्यात जातं. उन्हं गेली की डोंगरउतारावरची हवा गार होते, जड होते आणि खाली सरकायला लागते. पुढे रात्री तीच वाढत जाते, आणि होडीवाले तिला मतलई म्हणतात. ती एकदा सुटली की रानाचा वास तुमच्याकडे येतो आणि तुमचा खाडीकडे जातो. खारा वारा पडणं आणि हवा उलटणं यांच्या मधली ही थोडकी वेळ माळ्यावर जाऊन बसण्याची.

तुम्ही पूर्वेकडे तोंड करून रवळनाथाच्या नावाने हात जोडता. भाचाही जोडतो. मामी आतून सांगते, "पोराक झोप इली तर खाली पडात हां." तुम्ही खांद्यावरचा जादा पंचा दाखवता. तो त्याच्या कमरेला आणि माळ्याच्या खांबाला बांधायचा आहे.

बंदूक भरायची ती खालीच, उजेडात. भाच्याला तुम्ही पहिल्यांदाच जवळ बसवून दाखवता. मापाने दारू नळीत ओतायची. वरून नारळाच्या सोडणाचा बोळा, आणि गजाने ठासायचा, गज उसळून परत हातात येईपर्यंत. मग शिशाची गोळी, तुम्ही घरीच साच्यात ओतलेली. तिच्यावर पुन्हा बोळा, नाहीतर नळी खाली झुकवली की गोळी घरंगळून बाहेर. घोड्याखालच्या टोचणीवर केप बसवायची ती मात्र माळ्यावर गेल्यावर, अगदी शेवटी. केप नसेल तर बंदूक म्हणजे काठी. केप चढली की ती कोणाचीच नाही.

"दारू कशाची असते?"

"सोरो, गंधक आणि कोळसो."

"शाळेत नाही शिकवलं."

"ह्या शाळेत नाय शिकवणत."

माळा चार खांबांवर, पुरुषभर उंचीपेक्षा थोडा वर, बांबूच्या फाट्यांवर पेंढा टाकलेला. उंच बसलं की वास थोडा वरून निघून जातो. पण मोठं कारण ते नाही. वरून खाली मारलेली गोळी चुकली तरी मातीत जाते. तुमच्या बापाने तुम्हाला हे सांगितलं होतं आणि आता तुम्ही भाच्याच्या कानात सांगता: बार नेहमी मातीकडे.

बसल्यावर पहिलं काम डुक्कर शोधणं नव्हे. पहिलं काम माणसं मोजणं. तुम्ही भाच्याचं बोट धरून अंधारात फिरवता. तिकडे डावीकडे जांभळीपलीकडे शेजारच्या आबांचा मांगर. ते कधी मांगरात असतात, कधी बाहेर दगडावर. उजवीकडे ओहोळ, तिथे आज कोणी नाही, दुपारी विचारून आलोय. मागे आपलं घर. समोर डोंगर. "परत सांग." तो परत सांगतो. "परत." तो वैतागून तिसऱ्यांदा सांगतो.

मला वाटतं, त्या राखणीची सगळी विद्या इथेच होती. दारू ठासायला कोणीही शिकतो. पण मळ्यातला प्रत्येक माणूस आज रात्री कुठे बसलाय हे डोक्यात घेऊन बसणं, आणि ते कळल्याशिवाय चापाला बोट न लावणं, याला गाव लागतं. कोकणात रानडुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या घटना तेव्हाही होत्या, नंतरही झाल्या. त्या प्रत्येकीत नेम चुकलेला नसतो. कोण कुठे आहे, तेवढंच ठाऊक नसतं.

चंद्र अर्धा, डोक्यावर. उजेड मध्यरात्रीपर्यंत पुरेल. रानकोंबड्याने शेवटची बांग दिली, मोर वरच्या रायीत जाऊन बसले. रातवा बोलायला लागतो, एकाच सुरात, एकाच जागेवरून. भाच्याला डास चावतायत आणि तो ते मुकाट सोसतोय, हे तुम्हाला त्याच्या श्वासावरून कळतं. लहान पोरं बोलली नाहीत की मोठी होतात असं नाही, पण आज त्याने मनावर घेतलंय.

खूप वेळ काही नाही. दूर दक्षिणेला गोव्याच्या अंगाला एकदा मोटारीचा आवाज येतो आणि विरतो. महिन्याभराने, १८ आणि १९ डिसेंबरला, भारतीय फौजा त्या बाजूने आत शिरतील आणि सावंतवाडीचं हे टोक देशाची सीमा राहणार नाही. तुम्हाला ते माहीत आहे. भाच्याला सांगावंसं वाटतं, पण इथे बोलायचं नाही.

मग आवाज.

आधी वाळल्या पानांवर जड पावलं, मग थांबणं. वईपाशी काटे सरकतात. एक "हुफ्" असा श्वास, नाक साफ केल्यासारखा. आणि एकदम भात सळसळायला लागतं. भाच्याची बोटं तुमच्या दंडात रुततात. एक मोठी मादी, तिच्यामागे दुसरी, आणि पायांत लुडबुडणारी पिल्लं, पट्टे अजून अंगावर असलेली. ती दांडे ओढतात, लोंब्या तोंडात धरून ओरबाडतात. कचकच ऐकू येते, अगदी स्पष्ट. भात तुमचं आहे आणि खाणारा दुसरा आहे, या आवाजाने पोटात जो खड्डा पडतो तो शहरात राहणाऱ्याला सांगून कळायचा नाही.

"मामा, मार ना!" ओठ कानाला लावून तो म्हणतो.

कळप दूरच्या कुणग्यात आहे. चाळीस पावलं तरी. या बंदुकीला नळीत आटे नाहीत, एवढ्या लांब गोळी जाईल तिथे जाईल. आणि इतकं लांब मारायचं तर नळी जवळजवळ सपाट धरावी लागते. तुम्ही त्याच्या कानात विचारता, "तेच्या मागे कोण आसा?"

"कोणी नाही."

"बग बरा."

तो बघतो. तुम्हीही बघता. जांभळीची काळी सावली, तिच्यापलीकडे मांगराचं छप्पर असावं असा एक आडवा काळोख. काही हलत नाही. आणि मग त्या काळोखाच्या बऱ्याच अलीकडे, जिथे कोणी असायला नको होतं तिथे, तांबडा ठिपका उमटतो, जरा मोठा होतो, मंदावतो. आबांची विडी. आज ते मांगर सोडून खाली मेरेवर येऊन बसलेत.

भाच्याची बोटं दंडावरून सुटतात. तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

तुम्ही शेजारचा रिकामा डबा उचलून बांबूवर बडवता आणि घसा फोडून हाळी देता, "होऽऽ होऽऽ!" पलीकडून आबा हाळीला हाळी देतात. कळप एका झटक्यात वळतो, पिल्लं ओरडतात, वई मोडते, रान त्यांना गिळून टाकतं. भात वाचलं. एवढ्यासाठी तर बसलो होतो.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण तुम्ही जिथून आला आहात तिथलं मन शांत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ही राखण संपली. परवानगीवाचून रानडुकराला मारणं आज गुन्हा आहे. तो कायदा यायला हवा होता. हौसेच्या शिकारीने, जीपच्या दिव्यांनी रानं ओस पाडली होती, आणि वाघ-बिबट्यांना कायद्याशिवाय कोणी वाचवलं नसतं. पण कायद्यासोबत माळाही रिकामा झाला. राखणारे मुंबईला गेले, कुणगे पड राहिले, पडीवर झुडपं माजली, आणि डुकराला दिवसा दडायला मळ्याला लागूनच रान मिळालं. आज कोकणात कितीतरी जण पेरणं सोडून देतात. आणि जे सोडत नाहीत त्यांच्यातले काही फासकी लावतात, कुंपणात चोरून वीज सोडतात. मला त्याची चीड येते. तारेच्या फासकीत डुक्कर अडकतं तसा बिबट्याही अडकतो. विजेच्या तारेवर शेजाऱ्याचा बैल जातो, कधी शेजारीच जातो. माळ्यावरचा माणूस बघत होता. तार बघत नाही.

भाचा अजून गप्प आहे. चंद्र थोडा कलतो. डोंगरावरची हवा आता चांगलीच गार वाहते आहे. तिच्याबरोबर वास येतो, उग्र, चिखलाचा आणि जनावराचा मिसळलेला. तुम्ही त्याच्या मांडीवर दोन बोटं टेकवता. ही खूण ठरलेली: हालू नको.

हा एकटा आहे. मोठा नर कळपात राहत नाही, माद्यांच्या हंगामापुरता येतो आणि पुन्हा आपला सुटा फिरतो. मघाच्या गलक्याने तो पळाला नाही. वरच आडोशाला उभा राहून त्याने सगळं शांत होऊ दिलं. आता तो वईच्या मोडलेल्या जागेतून मान आत घालतो, थांबतो, हवा हुंगतो. पाठीवरची आयाळ चंद्राच्या उजेडात उभी दिसते. तुम्हाला स्वतःच्या छातीचा ठोका त्याला ऐकू जाईल असं वाटतं. तो चालत येतो, जवळच्या मेरेवर, माळ्यापासून वीस पावलांवर, आडवा. मागे मेरेची माती, तिच्यामागे डोंगराचा चढ. तिकडे कोणी नाही. भाच्याच्या ओठांवरून कळतं की तोही तेच मोजतोय.

त्याच्या खांद्यावर कातडीखाली जाड कवच असतं, नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळे झेलणारं. तिथे शिशाची मऊ गोळी अडकूही शकते. तुम्ही पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या भागावर नळी आणता. घोडा मागे. केप आहे. दवाने ओली झाली नसेल तर.

बार होतो आणि जग पांढरं होतं. काळ्या दारूचा धूर तुमच्यासमोर भिंत होऊन उभा राहतो, गंधकाने नाक जळतं, कानांत शिट्टी. धुरापलीकडे काहीतरी धडपडतं, वई कडाडते, मग रानात काटक्या मोडल्याचा आवाज, आणि मग काही नाही.

"लागली! मामा, लागली! चला!" तो पंच्याची गाठ सोडायला लागतो.

तुम्ही त्याचा हात धरता. "आदी भरूया. मगे बगूया."

जखमी डुक्कर खाली डोकं घालून येतं आणि सुळे वर मारतं, थेट मांडीत. अंधारात त्याच्यामागे जायचं नसतं. आणि भरायचंही घाईत नाही. नळीत बोळ्याची एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल आणि तुम्ही वरून दारू ओतली, तर ती तोंडावर येते. गजाला ओलसर चिंधी गुंडाळून तुम्ही नळी आतून पुसता, थांबता, मग माप, बोळा, ठासणं. भाच्याला हे वाट पाहणं मघाच्या सगळ्या रात्रीपेक्षा लांब वाटतं. त्याचे दात वाजतायत. थंडीने नव्हे. तुम्ही त्याला बंडीत ओढून घेता आणि तो येतो, तेरा वर्षांचा असूनही.

मग चुडी पेटतात. वाडीवरून चार-पाच जण येतात, हातात चुडतांचे पेटते जुडगे, कोयते, एक कंदील. आबा पुढे. सगळे एका ओळीत, बंदूक सगळ्यांत पुढे आणि तिच्यापुढे कोणी नाही. मेरेवर रक्ताचा सडा, फेसाळ, म्हणजे फुप्फुसात लागली. वईपासून पंधरा-वीस पावलांवर करवंदीच्या जाळीत तो पडलाय. लांब काठीने डोळ्याजवळ टोचून पाहिल्यावरच आबा मान हलवतात.

भाचा चुडीच्या उजेडात वाकून बघतो. खालचा सुळा वरच्या आखूड सुळ्यावर घासून घासून कोयत्यासारखा धारदार झालेला. तो बोट लावायला जातो आणि स्वतःच थांबतो. खांद्यावर जुने वण आहेत, झुंजींचे. कानाला गोचिडं लागलीत. पोटात, आबा सांगतात, आपलंच भात असतलां. कोणी हसत नाही. भाचा पालथी मूठ त्या आयाळीवर ठेवतो, थोडा वेळ तशीच राहू देतो, आणि उठताना डोळे पुसतो. तुम्ही दुसरीकडे बघता. त्याला तेवढी मोकळीक द्यायला हवी.

पहाटेपर्यंत अंगण जागं. जनावर भाजून, खरडून साफ होतं. केळीची पानं मांडली जातात आणि वाटे पडतात: जे चुडी घेऊन आले त्यांचे, ज्यांच्या कुणग्याला डुकराने तोंड लावलं होतं त्यांचे, घरात कर्ता माणूस नसलेल्या म्हातारीचा. बार घालणाऱ्याला डोकं. वाटे पाडतो एक जण, आणि कुठला कोणाचा हे पाठमोऱ्या उभ्या पोराला विचारून ठरतं. आज तो मान भाच्याचा. तो भिंतीकडे तोंड करून नावं घेतो आणि एकही घर विसरत नाही.

उजाडल्यावर तुम्ही आबांचा वाटा त्याच्याच हातात देता. तुम्हाला भात कापायला जायचंय. मामी विळे घेऊन केव्हाच खाली उतरलीय. तो मेरेवरून जपून जातो. आबा दगडावर बसून तोंड धुतायत.

"बार खंयच्या अंगाक घातलास रे मामान?"

"वरच्या मेरेवर, डोंगराकडे. आधी कळप आला होता, पण तुमची विडी दिसली. म्हणून नाही मारला."

आबा चूळ टाकतात. त्याच्याकडे नीट बघतात. मग पान हातात घेऊन बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "मामाक सांग, आज राती मी जांभळीच्या बुडाक बसतलंय. खाली येवचंय नाय. इसरू नको."

तो विसरत नाही. मळ्यात पोचेपर्यंतही थांबत नाही. अर्ध्या वाटेवरूनच तुम्हाला हाक मारून सांगतो.